शेंदराखालचा आकडा

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी, तर गेल्या खंडेनवमीला, सकाळी साडेदहा वाजता. कुठे, तर तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडच्या आमच्या गावात, ऑटोस्टँडसमोर, तिच्या स्वतःच्या अंगणात. श्रीलंकेतल्या एका जुन्या मोटारीची नंबरपाटी तिच्या मालकीची होती. ती न विचारता उचलण्यात आली, रस्त्यापलीकडे नेण्यात आली, पाटीला शेंदूर फासण्यात आला आणि पाटीचा देव करण्यात आला. देव अजून तिथेच आहे.

हा मजकूर मी पत्रकात छापून वाटला होता. लोकांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पाटीपुढे नारळ फोडला. म्हणून आता सावकाश, पहिल्यापासून सांगते. पाठपोट छापलेल्या एका कागदात मावणारी ही गोष्ट नाही, हे मला उशिरा कळलं.

माझी आत्या मराठी शाळेत शिक्षिका होती. स्टँडवरच्या निम्म्या ऑटोवाल्यांना बाराखडी तिनं शिकवली. उरलेले तेलुगू शाळेत गेले आणि तिच्या हातून वाचले. जन्म इथला, नोकरी इथली, पण तेलुगू वाचायला लागली की ती अजूनही बोट ठेवून वाचते. बसची पाटी तिला वाचता येते ती बस निघून गेल्यावर. हे तिला आयुष्यभर लागून राहिलेलं आहे. लेकरांना अक्षरं शिकवणारी बाई आणि स्वतःच्याच जिल्ह्याच्या बाजारात अर्धी निरक्षर.

निवृत्तीनंतर ती वस्तीतल्या मंडळींबरोबर श्रीलंकेच्या धम्मयात्रेला गेली. अनुराधापूर झालं, कँडी झालं. कँडीच्या पुढे घाटात बसचा पट्टा तुटला आणि सगळी यात्रा एका गॅरेजच्या दारात बसली. गॅरेजच्या भिंतीला भोक होतं आणि भोकावर पत्र्याची एक काळी पाटी ठोकलेली होती. पाटीवर पांढऱ्या रंगात आकडे, आणि आकड्यांच्या मधोमध त्यांच्या सिंहली लिपीतलं एक गोलगोल अक्षर. आत्या ते अक्षर बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "श्री." गाईडनं मान डोलावली. आपल्या तेलुगूतल्या श्रीचा तो चुलत भाऊ होता, तेवढंच डोकं, तसाच घोळदार घागरा. पण त्या सबंध मुलखात कुणीही न सांगता, बोट न ठेवता, बस सुटायच्या आत तिनं वाचलेलं ते पहिलं अक्षर. तिनं पिशवीतला चिवड्याचा पुडा गॅरेजवाल्याला दिला आणि पाटी मागितली. त्यानं भोकाकडे पाहिलं, चिवड्याकडे पाहिलं, आणि पाटी उपसून दिली.

बाकीच्यांनी बोधिवृक्षाचं पान आणलं. कुणी मूर्ती आणली, कुणी दालचिनी. आत्या मोडक्या गॅरेजचा तुकडा घेऊन आली. वस्तीत बरेच दिवस चर्चा होती की बाईंना विमानाची हवा लागली.

पुढे तिला नाद लागला. मोबाईलवर या पाट्या जमवणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात ती शिरली. तिकडून पार्सलं यायला लागली. कपाटातल्या साड्या ट्रंकेत गेल्या आणि साड्यांच्या जागी पाट्या आल्या. मी सुट्टीत गेले की ती मला एकेक पाटी मांडीवर घेऊन दाखवायची, जसं लोक दुसऱ्यांच्या लेकरांचे फोटो दाखवतात. सगळ्यात जुन्या पाट्यांवर नुसती इंग्रजी अक्षरं. त्यानंतर हा श्री आला. मग श्री गेला आणि त्याच्या जागी आडवी रेघ आली. तिचं म्हणणं असं की त्या काळी तिथे पाटी सरकार देत नसे, गाडीवाला आपली आपण रंगवून घेई. म्हणून प्रत्येक श्री वेगळ्या हाताचा. एकाचा लांब शेपटीचा, एकाचा पोट सुटलेला. एक पाटी दाखवून ती म्हणायची, हा रंगारी घाईत होता, बघ, ब्रश उचललाच नाही. खरी पाटी ओळखायची ती रंगाच्या जाडीवरून आणि मागच्या बाजूच्या गंजावरून. नवीन पत्रा जुना करून विकणारे असतात, पण त्यांचा गंज सगळीकडे सारखा असतो. खरा गंज जिथे पाणी साचतं तिथेच चढतो.

मला या सगळ्याचा राग यायचा. मी आदिलाबादला संघटनेचं काम करते. वसतिगृहाच्या खोल्यांना दारं नाहीत, त्यावर पत्रक काढायचं असतं. आणि इथे माझी सख्खी आत्या परक्या देशातल्या गंजावर तास तास बोलणार. एकदा मात्र ती सहज म्हणाली की या श्रीवरून तिथे लोक रस्त्यावर उतरले होते, तमिळ लोकांना हे अक्षर आपल्यावर लादलेलं वाटलं आणि ते डांबराचे डबे घेऊन पाट्यांवरचं अक्षर पुसत फिरले. हे ऐकून मी पहिल्यांदा ताठ बसले. हे आधी का सांगितलं नाहीस, म्हणून तिलाच रागावले.

गॅरेजवाली ती पहिली पाटी तिच्या संग्रहातली मुख्य. पाच, मग श्री, मग चार आकडे. त्यातला शेवटचा अर्धवट उडालेला. तीन असेल किंवा आठ. त्या आकड्याचा डावीकडचा रंग खिळ्याखाली गेला होता. तिनं पाटीचा फोटो त्या गटात टाकला आणि कँडीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांची मॉरिस मोटार होती. हे गृहस्थ शाळेत असताना ती विकली. पाटी तेवढी काढून ठेवू, असं वडील म्हणाले होते आणि विसरले. वडील गेले, गाडी कुठे गेली ठाऊक नाही. तो नंबर त्यांना पाठ होता. पाच, श्री, तेच आकडे, आणि शेवटी आठ.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा आवाजी निरोप येतो. फार अदब असलेला माणूस. आधी तब्येत विचारतात, मग पाऊस विचारतात, मग घसा साफ करून म्हणतात, "सिस्टर, थ्री ऑर एट?"

आत्यानं त्यांना कळवलं होतं की खंडेनवमीला मी सगळ्या पाट्या तेलानं पुसते, त्या दिवशी तिरप्या उन्हात फोटो काढून पाठवते. तिरप्या उन्हात ब्रशचा उठाव दिसतो. रंग गेला तरी रंगाची कड राहते, असं ती म्हणते. मी विचारलं, आठ निघाला तर? म्हणाली, तर पाठवून देईन, त्याच्या बापाची आहे. आणि तीन निघाला तर? म्हणाली, तर माझी. तिनं आजवर एकही पाटी कुणाला दिलेली नाही. तिला माझ्या हातून कपभर चहा सांडला तरी चालतो, पण पाटीला ओला हात लागलेला चालत नाही. म्हणून हे वाक्य मी नोंदवून ठेवते.

आता खंडेनवमी. आमच्या स्टँडवर एक रीत आहे आणि ती बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय समजणार नाही. त्या दिवशी ऑटो धुतले जातात, झेंडूच्या माळा पडतात, चाकाखाली लिंबू जातं, कोहळं फुटतं. आणि स्टँडच्या आजूबाजूला ज्याच्या घरासमोर जे लोखंड बाहेर काढून ठेवलेलं दिसेल, ते स्टँडवाले उचलून नेतात, सगळ्या गाड्यांबरोबर पूजा करतात आणि दिवेलागणीला घरपोच आणून देतात. शिंप्याचं मशीन, किराणावाल्याचा तराजू, विळे, कोळपणीच्या डवऱ्याची पास, कुणाकुणाचा मिक्सरही असतो. विचारायचं नसतं. बाहेर ठेवलं म्हणजे दिलं. कुणाची कात्री आजवर हरवलेली नाही, हेही मी मान्य करते.

आत्या बौद्ध. ती काही बाहेर ठेवत नाही. इतकी वर्षं समोर राहून त्या दिवशी तिचं अंगण मोकळं असतं, हे साऱ्या स्टँडला माहीत. त्या सकाळी मात्र तिला तिरपं ऊन हवं होतं. तिनं बाज बाहेर टाकली, बाजेवर पाट्या मांडल्या आणि तेलाची वाटी आणायला आत गेली. वाटी सापडेना. बस्स.

स्टँडवाल्यांना वाटलं, अखेर बाईंनीही काहीतरी काढलं. त्यांना आनंद झाला. ही गोष्ट मला फार उशिरा सांगण्यात आली आणि ती ऐकून माझा संताप किंचित अडचणीत आला. ते सगळ्याच पाट्या नेणार होते, पण मान म्हणून वरची एकच नेली.

पलीकडे एक ऑटो सकाळपासून चालू होत नव्हता. दोरी मारून मारून चालकाचे हात सोलले होते. कुणीतरी आत्याची पाटी त्याच्या काचेला टेकवून ठेवली. त्यानं दोरी मारली. ऑटो चालू झाला.

मी चौकशी केली आहे. पहाटे पाइपानं धुताना इंजिनात पाणी गेलं होतं आणि साडेदहाच्या उन्हानं ते सुकलं. हे शास्त्रीय कारण मी पत्रकात ठळक टायपात दिलं. त्यावर तो चालक मला म्हणाला, "ताई, मंग ऊन कोनं पाडलं?"

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. पाटीवर श्री लिहिलेलं सगळ्यांना दिसत होतं. तेलुगू शाळेतले म्हणाले, हा आमचा श्री, लिहिणाऱ्याच्या हाताला पाक लागलेला असेल. मराठी शाळेतल्यांना आत्यानंच शिकवलं होतं की पान सुरू करताना वर श्री लिहावा. शेंदूर कालवलेला तयारच होता. आत्या वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा पाटी कडुलिंबाच्या झाडाला टेकून उभी होती, तिच्यावर बोटभर शेंदूर होता आणि ज्यांना तिनं बाराखडी शिकवली ते सगळे हात जोडून उभे होते.

तिथे डांबर फासलं, इथे शेंदूर. त्या अक्षराला कुणी सुखानं राहू द्यायला तयार नाही.

दिवेलागणीला तराजू परत आला, मशीन परत आलं, विळे आले. पाटी आली नाही. आत्या रस्ता ओलांडून गेली. स्टँडचा अध्यक्ष तिचाच विद्यार्थी. तिसरीत तिनं त्याला कोपऱ्यात उभं केलं होतं आणि अजून तिला पाहिलं की तो ऑटोतून खाली उतरतो. तेव्हाही उतरला. दोघांचं बोलणं मला दोघांनीही सांगितलं आहे आणि दोन्हींत फरक नाही, म्हणून जसंच्या तसं देते.

आत्या म्हणाली, "माझी पाटी दे रे बाबू."

"पाटी तुमचीच हाय बाई, कोन नाई म्हनते? पन देव काई तुमचा नाई. आता दोनी एकातच हायत, तं मी काय करू?"

"पाटी मला दे. देव तू ठेवून घे."

"कसा काढू? खरडू काय?"

"खरडू नको!" आत्या ओरडली. आणि तिथे तिचा सगळा दावा संपला. त्यानं खरडलं असतं तर पाटी मिळाली असती आणि आकडा गेला असता. तिला आकडा हवा होता. अध्यक्षानं मात्र त्याचा अर्थ एवढाच घेतला की बाईंनाही शेंदूर हटवणं पाप वाटतं. त्यानं पुढच्याच आठवड्यात सिमेंटचा ओटा बांधला आणि पाटी त्यात उभी बसवली. मागच्या बाजूचा तो पाणी साचून चढलेला खरा गंज आता सिमेंटमध्ये आहे.

आमच्या वस्तीत मी बैठक बोलावली. आमच्या आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून पैनगंगेत सोडले होते. त्या दिवसापासून तीन पिढ्या या घरात देव नाही, आणि आता याच घरातून निघालेला एक देव समोर ओट्यावर बसला आहे. मी म्हटलं, मोर्चा काढू. पहिल्या रांगेत म्हातारे होते. त्यांच्यातले एकजण म्हणाले, "मागू नको पोरी. मागशीन तं तो देव हाय हे आपन कबूल केल्यासारकं होते." दुसऱ्यांनी विचारलं, न मागावं तर बाईचं नुकसान होतं, त्याचं काय? पहिले म्हणाले, नुकसान होऊ द्या, तत्त्व राहते. बैठक चहा पिऊन संपली. आत्या तिथेच होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

मग मी पत्रक काढलं. मथळा होता, "पाटी परत करा." पत्रकात एकही चूक नव्हती, हे मी आजही सांगते. ती श्रीलंकेतल्या मोटारीची नंबरपाटी आहे, रंगाऱ्यानं ब्रशनं रंगवलेली आहे, यात्रेहून आणलेली आहे, सगळं पुराव्यानिशी. अडचण अशी झाली की स्टँडवाल्यांना तोवर ती कुठली हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटत होतं बाईंनी आदिलाबादच्या भंगारातून आणली असेल. मी त्यांना छापून सांगितलं की ती लंकेहून आली आहे. आणि ती देव झाली कधी, तर दसऱ्याच्या तोंडावर, रावण जाळायच्या आदल्या दिवशी.

माझं पत्रक संपलं तेव्हा लोक आणखी मागायला आले. मला वाटलं जागृती झाली.

त्यानंतर तो साधासुधा देव राहिला नाही. लंकेतून सुटून आलेला श्री झाला. आदिलाबादहून कोरी मोटारसायकल घेऊन येणारा माणूस घरी जायच्या आधी ओट्याभोवती फेरी मारायला लागला. तामसीकडून लोक बस बदलून यायला लागले. त्यांच्या मागण्या मी उभी राहून ऐकल्या आहेत. एकाला आवडीचा नंबर हवा होता. एकाचा दंड माफ व्हायला हवा होता. एक म्हातारे नुसतेच बसले होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "आमची गाडी आंध्रात एपी होती, तेलंगणात टीएस झाली, मंग टीजी झाली. याले पाहा, मुलूक सोडून आला पन नंबर नाई बदलला." यावर मी नंतर पत्रकासाठी बरीच उत्तरं लिहिली आणि एकही छापलं नाही.

मी एका कचेरीत दरख्वास्तही दिली. तिथल्या बाबूंनी विचारलं, काय परत पाहिजे ते स्पष्ट लिहा. देव लिहाल तर खातं वेगळं, नंबरपाटी लिहाल तर खातं वेगळं. मी नंबरपाटी लिहिलं. म्हणाले, गाडी कुठे आहे? म्हटलं, गाडी नाही. मग नंबर कशाचा? म्हटलं, मॉरिसचा, बहुतेक, शेवटी आठ असेल तर. त्यांनी दरख्वास्त माझ्याकडे सरकवली आणि अतिशय मायेनं म्हणाले की मौक्यावर पंचनामा करायला कुणीतरी येईल. आले. दोघे आले, चपला काढून पंचनामा केला, प्रसाद घेतला आणि गेले.

कँडीच्या गृहस्थांना हे कसं कळवायचं, हा प्रश्न होता. आत्या रोज सकाळी तब्येत आणि पाऊस एवढंच सांगून फोन खाली ठेवायची. शेवटी मीच व्हिडिओ लावला आणि रस्त्यापलीकडे नेऊन ओटा दाखवला. झेंडूची माळ, उदबत्त्या, लाल भडक पत्रा. त्यांनी लाल का, म्हणून विचारलं. आत्या मागून म्हणाली, "गॉड." तेही बौद्ध. त्यांनी विचारलं कुठला गॉड. आत्यानं विचार केला आणि म्हणाली, "नंबर." तिकडून हसू आलं, खोकला लागेपर्यंत. वडील फार हळू गाडी चालवायचे, म्हणाले, सायकली पुढे जायच्या, त्यांच्या गाडीची पाटी पूजेला लागली हे त्यांना कधी पटलं नसतं. मग खोकला थांबला. घसा साफ केला. "सिस्टर," ते म्हणाले, "थ्री ऑर एट?"

दुसऱ्या दिवशी, मी आदिलाबादला परतल्यावर, आत्या घरात जाऊन तेलाची वाटी घेऊन आली. तीच वाटी, खंडेनवमीला न सापडलेली. बरोबर कापूस. कापसाला आमच्याकडे काय तोटा, हंगामात तो रस्त्याच्या दोन्ही कडांना उडून बसलेला असतो. ती ओट्यापुढे वाकली आणि पाटीच्या डाव्या टोकाला तेल लावून हलक्या हातानं पुसायला लागली. शेंदूर तेलातच कालवलेला असतो, तेलानंच सुटतो. खाली रंग आहे, म्हणून जोर करायचा नाही. बोटाच्या पेराएवढी जागा, मग दुसरा बोळा.

स्टँडवाले भोवती जमले. मग कुणीतरी म्हणालं, बाई तेल वाहून राह्यल्या. अध्यक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्तीत निरोप पोचायला अर्धा तासही लागला नाही आणि आदिलाबादला माझ्या फोनवर पोचायला त्याहून कमी. मी पुढची बस पकडून आले. मी तिला रस्त्यातच गाठलं आणि विचारलं, "आत्या, तू त्याच्या पाया पडतेस?"

ती म्हणाली, "वाकल्याशिवाय आकडा दिसत नाही, बाई."

तेव्हापासून ती रोज जाते. बोट ठेवून वाचावं तशी डावीकडून एकेक अक्षर सोडवते, मधलं गाळून शेवटाला जाणं तिला जमत नाही. पाच मोकळा झाला. श्रीची शेपूट मोकळी झाली. पण शनिवार आला की लोक शेंदूर घेऊन येतात आणि तिच्या आठवड्यावर फासून जातात. मग सोमवारी ती पुन्हा पाचपासून. मी अध्यक्षाला जाऊन सुनावलं की तुम्ही लोकांना शेंदूर बंद करायला सांगा. तो म्हणाला, "मी कोन सांगनार ताई? भक्त जे वाहतीन ते त्याचं. तेल वाहतीन तं तेल, शेंदूर वाहतीन तं शेंदूर. मी कोनाले आडवा नाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पन मले बी वाटते आठच असन." स्टँडवर आता तीनवाले आणि आठवाले असे दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांच्या ऑटोत पुढच्या सीटवर बसत नाहीत. शेंदूर मात्र दोघेही लावतात.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. स्टँडसमोर फ्लेक्स लागला आहे, तेलुगू, मराठी आणि हिंदी, तिन्ही भाषांत. त्यावर माझ्या पत्रकातलं "रंगाऱ्यानं ब्रशनं रंगवलेली" हे वाक्य घेतलं आहे, आणि त्याखाली लिहिलं आहे की येत्या दसऱ्याला चित्रकारीसाठी नावाजलेल्या निर्मल गावाहून कारागीर बोलावून श्रीवर आणि सर्व आकड्यांवर सोनेरी काम करण्यात येईल, वरून वार्निश. शेवटचा आकडा नीट दिसत नसल्यामुळे कारागीर योग्य वाटेल तो आकडा काढतील. असं छापलं आहे. योग्य वाटेल तो. निर्मलचा सोनेरी रंग एकदा बसला की दोन पिढ्या हलत नाही, त्याबद्दल कारागिरांचं कौतुकच आहे. पण त्यानंतर कँडीच्या त्या माणसाला रोज सकाळी काय सांगायचं, हे ज्यांनी फ्लेक्स लावला त्यांनी येऊन आत्याला सांगावं.

हे मी दोनदा आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, रागावू नको, हात मोज. एका बाईच्या तेलानं शनिवार उतरत नाही. दहा-वीस जणांच्या उतरेल.

म्हणून तुम्हाला सांगते, आणि विनंती म्हणून सांगत नाही. माझे संघटनेतले मित्र आता माझ्याशी बोलत नाहीत, कारण मीही वाटी घेऊन रांगेत उभी राहते. मला त्याची लाज वाटत नाही. मी काही मागायला जात नाही, पुसायला जाते. दसऱ्याच्या आत तुम्हीही या. आदिलाबादहून बेल्याकडे येणारी कुठलीही गाडी धरा, लिंबाखालचा ओटा विचारा, सगळे दाखवतील. शेंदूर आणू नका. नारळ आणू नका. वाटीभर तेल आणा आणि मूठभर कापूस, सरकी काढलेला, खरखर करणारा नको. तुमची पाळी आली की वाका. उजव्या टोकाच्या आकड्यावर, डाव्या बाजूनं, जोर न करता पुसा, आणि पुसलेल्या जागी बोटाचं पेर फिरवून रंगाची कड लागते का पाहा. मग मागे वळून, रस्त्यापलीकडे बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मोठ्यानं सांगा. तीन की आठ.